अट क्रमांक सात

निविदापेटी अजून आहे.
पाचपाखाडीत, जिन्याखालच्या कोनाड्यात.
दोन कुलपं होती तिला, दोन चाव्या दोन साहेबांकडे,
म्हणजे एकट्याचा हात चालू नये.
आता तिच्यावर मनीप्लांटची कुंडी,
आणि फटीतून कुणी कुणी
बसची तिकिटं टाकतं.

लाखेचा वास मला अजून येतो.
मेणबत्तीवर वितळवायची, लिफाफ्याच्या सांध्यावर थेंब,
घाई असली की शिक्क्याऐवजी अंगठा.
त्या वर्षी खराट्यांच्या निविदेला
असाच एक लिफाफा आला होता, म्हणजे
जिन्यापर्यंत आला होता.
यमुना तरे, बाळकुम.
पदराखाली धरलेला, घामाने शाई फुटलेली.
पायऱ्यांवर चौदा जण बसले होते,
सगळे ओळखीचे, सगळ्यांचे दर
आदल्या रात्री एकाच टेबलावर ठरलेले.
कुणी हात लावला नाही तिला. शिवी दिली नाही.
फक्त कुणी उठलं नाही.
"ताई, पेटी भरली," एक म्हणाला,
आणि तीन वाजले.
मी वर उभा होतो. खाली पाहिलं,
मग आवक नोंदवहीत पाहिलं.
आवक नोंदवहीत पाहायला
नेहमीच काहीतरी असतं.

मग पोर्टल आलं. प्रशिक्षण झालं, इडली-चटणीसह.
शिकवणारा पोरगा म्हणाला,
आता जिनाच नाही, काका.
खरंच नाही.
साहेबांची सही आता बोटाएवढ्या काडीत असते,
ती काडी प्रणिताच्या पर्समध्ये,
घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.
बोली घरून येते, रात्रीची येते,
आणि उघडेपर्यंत ती कुणाची
हे देवालाही दिसत नाही.

यंदा पुन्हा खराटे. माडाच्या हिरांचे, नग बारा हजार,
लांबी तीन फूट, वजन एक किलो, बांधणी तारेची.
पहिला लिफाफा उघडला. अजून लिफाफाच म्हणतात.
पाच बोलीदार. चौघं तेच.
पाचवी बोली सादर झालेली
रात्री एक बावन्नला.
आधी पत्ता वाचला, बाळकुम पाडा,
मग नाव.

प्रतिज्ञापत्र आहे. जीएसटी आहे. बयाणा भरलेला.
खराट्याचा एक फोटो, जो कुणी मागितला नव्हता:
अंगणात भिंतीला टेकवून उभा केलेला,
कोपऱ्यात अर्धी कोंबडी.
अट क्रमांक सात, मागील तीन वर्षं
वार्षिक उलाढाल किमान पन्नास लाख.
तिथे काहीच जोडलेलं नाही.

अट सात मीच टाइप केली होती.
सांगितली, म्हणून.
सांगणाऱ्यानेही कुणाचं तरी ऐकलेलं.
खराट्याला पन्नास लाख कशाला, असं
मनात आलं होतं, पण त्या दिवशी फॉन्ट बिघडला,
त्यात दुपार गेली.
आज पडद्यावर ती ओळ मोठी करून पाहिली
तर त्या सातच्या आत, दाटीवाटीने,
गुडघ्याला गुडघा लावून बसलेले
चौदाही.

खाली दोन गोल. पात्र. अपात्र.
बाजूला तिसरं एक बटण, कुणी वापरत नाही,
त्रुटीपूर्तता.
ते दाबलं.
शौर्य वगैरे काही नाही,
नोव्हेंबरात निवृत्त होतोय.

संध्याकाळी टेबलावरचा फोन वाजला.
"साहेब, मेसेज आलाय इंग्लिशमदी,
नातीला पन नीट लागत नाय. काय बोलतंय ते?"
हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.
जिन्यावर ती काही बोललीच नव्हती.
म्हटलं, बाई, ते म्हणतायत एक कागद कमी आहे,
उलाढालीचा. सात दिवसांत द्या,
नाहीतर अट शिथिल करा म्हणून अर्ज द्या.

"ते म्हंजे कोन?"

मी रिसीव्हर
दुसऱ्या कानाला लावला.